एका माइकभोवती चौघं

आमच्या बँडमध्ये उभं राहून वाजवतात, हे मला सगळ्यात आधी आवडलं. बसून राहणं मला जमत नाही. जेवतानाही मी मधे तीनदा उठते आणि नवरा म्हणतो, “तुला खुर्ची टोचते का गं?” टोचते. मुलगा बंगळूरला गेल्यापासून जरा जास्तच टोचते, पण त्यात मुलाचा काही दोष नाही. घरातली कामं संपली की माझे पाय कामं शोधायला लागतात, एवढंच.

आम्ही इंदूरला छत्रीबागेत राहतो. माडीवरची खोली भाड्यानं देतो. तीन वर्षांपूर्वी तिथे सांगलीकडचा एक इंजिनिअर राहायला आला. पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी, एकटा, भांडी स्वतः घासणारा. कंपनीनं त्याला दीड वर्ष अमेरिकेत, डोंगरातल्या एका गावी पाठवलं होतं. तिकडून लोक चॉकलेटं आणतात, यानं बँजो आणला. आपल्याकडे बँजो म्हटलं की मिरवणुकीतली बटणांची पेटी डोळ्यांसमोर येते. हा निराळा. डफाला लांब मान लावावी तसा दिसतो, पाच तारा, आणि बोटांत लोखंडी नख्या घालून वाजवतात. पहिल्याच रविवारी चमच्यांचा डबा जिन्यावरून गडगडत यावा तसा आवाज आला आणि मी वर गेले.

“हे काय चाललंय?”

“सॉरी मॅडम. बंद करतो.”

“बंद करा असं म्हणाले का मी? लय पळतेय तुमची. दर चौथ्या फेरीला पुढे जाताय.”

त्यानं बोटांतल्या नख्या काढल्या. “मॅडम, तुम्ही संगीतातल्या?”

“नाही. मी परीक्षा विभागातली.”

खरं तेच होतं. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात मी बावीस वर्षं आहे. हॉलमध्ये कोण कुठे बसेल, हे ठरवणं माझं काम. पण त्याआधी चौदा वर्षं मी व्हायोलिन वाजवलं होतं, आणि तेही साथीला. गायक जे म्हणेल ते अर्ध्या मात्रेनं मागून वाजवायचं, त्याच्या पुढे जायचं नाही, तो थांबला की थांबायचं. लग्नानंतर व्हायोलिन कपाटावर गेलं. कुणी ठेवायला लावलं नव्हतं, मीच ठेवलं.

इंजिनिअरनं मला समजावलं, ते असं. या संगीताचं नाव ब्लूग्रास. यात ढोलकी नाही, ड्रम नाही. सगळी तारांचीच वाद्यं, ताल धरायचा तोही तारांवरच. सगळ्यांना मिळून एकच माइक. सगळे त्याच्याभोवती उभे राहतात. ज्याची पाळी असेल तो पुढे सरकतो, आपलं वाजवतो, मागे होतो, की लगेच दुसरा पुढे. “मुख्य कोणी नाही आणि साथीला कोणी नाही,” तो म्हणाला.

हे शेवटचं मला काही पटलं नाही. तरी व्हायोलिन खाली काढलं, नव्या तारा चढवल्या, आणि मांडी घालून वाजवायची सवय असलेली मी ते हनुवटीखाली धरून उभी राहिले. मान आखडली. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी मन लावून वाजवलं. तो म्हणाला, “मॅडम, हे तर मी आत्ताच वाजवलं.”

“ऐकलं. म्हणून तर वाजवलं.”

“तुमचं वाजवा ना.”

माझं म्हणजे काय, ते त्यालाही सांगता आलं नाही आणि मलाही विचारता आलं नाही. दोन वर्षं प्रत्येक रविवारी हेच होत आलं. माझी पाळी आली की आधीच्या माणसाचीच ओळ माझ्या गजातून निघायची.

गिटार महूहून आली. तारा घ्यायला गेलेल्या इंजिनिअरला दुकानात एक बाई भेटल्या. छावणीतल्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, पडद्याच्या कापडाची खोळ शिवून तीत गिटार घेऊन फिरणाऱ्या. सगळं महू त्यांना मिस म्हणतं, म्हणून आम्हीही मिस म्हणू लागलो. बोलतात हिंदी, समजतं मराठीही. त्यांचा ताल घड्याळासारखा. कुणी कितीही भरकटो, मिस जागच्या हलत नाहीत.

मेंडोलिनची गोष्ट मात्र परदेशीपुऱ्यातली. बँजोची एक खुंटी ढिली झाली होती, आणि तिथे मोटार वाइंडिंगचं दुकान असलेले एक जण जुने ऑर्केस्ट्रावाले आहेत, वाद्यंही दुरुस्त करतात, असं कळलं. मी आणि इंजिनिअर गेलो. टपरीएवढं दुकान, भिंतीवर तांब्याच्या तारेची वेटोळी. सदुसष्ट वर्षांचा माणूस, डोक्याला रुमाल. वडील खानदेशातून मिलमध्ये आलेले, त्यामुळे घरात मराठी आणि दुकानात इंदुरी. त्यांनी खुंटीत एक वॉशर बसवला आणि म्हणाले, “अब बजाओ भिया.” इंजिनिअरनं एक धून वाजवली. त्यांनी वेटोळ्यांच्या मागून मेंडोलिन काढलं आणि तीच धून त्याच्यापेक्षा वेगानं वाजवून दाखवली.

“तुम्हाला येते ही?” इंजिनिअर चाट पडला.

“येते कसली, आत्ताच तर ऐकली. शादीत याच्यापेक्षा डबल स्पीडवर वाजवायचो. बाराती नाचत-नाचत पडायचे.”

त्यांना आम्ही दादा म्हणू लागलो. तीस वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलेला माणूस. डीजे आले, ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हापासून मेंडोलिन त्या वेटोळ्यांमागेच होतं. माझं जसं कपाटावर. फरक इतकाच की माझं मी ठेवलं होतं.

दर रविवारी पाच वाजता माडीवर जमायचं. माइक नव्हता. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून मी त्यात झाडूचा दांडा रोवला आणि वर टेनिसचा चेंडू खोचला. त्या चेंडूकडे तोंड करून आम्ही वाजवायचो. कुणी कुठेही उभं राहायचं. दादा मात्र नेहमी खिडकीशी, खिडकी डाव्या हाताला आणि आम्ही सगळे उजव्या. “हवा येते,” म्हणायचे. एकमेकांना धक्के लागायचे, बँजोची मान माझ्या कोपरात घुसायची, पण गाडी चालत होती.

मग मिसनी बातमी आणली. त्यांच्या जुन्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्हाला पंधरा मिनिटं मिळाली होती. स्टेजवर एकच माइक असेल, असं त्या भीतभीत म्हणाल्या, आणि इंजिनिअर आनंदानं ओरडलाच, “एकच हवाय!”

 जिना उतरताना दादांनी मिसना हळूच विचारलं, “स्टेज कितना ऊंचा है?” पुढच्या रविवारी त्यांच्या सुनेनं आणून दाखवलेला पांढरा शर्ट कसा आहे, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. बारा वर्षांनी स्टेज.

मी ताबा घेतला. अव्यवस्था बघितली की माझे हात शिवशिवतात. खडू आणला, डब्याभोवती गोल आखला आणि फरशीवर चार आकडे लिहिले. एकवर इंजिनिअर, दोनवर मी, तीनवर दादा, चारवर मिस. पाळी त्याच क्रमानं. कुणाच्या वाद्याची मान कुणाला लागणार नाही, हे मोजून बघितलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं तर आराखडा बिनचूक होता.

“ताई, एक्झाम आहे का?” इंजिनिअर म्हणाला. एव्हाना मॅडमची मी ताई झाले होते.

“कॉपी फक्त मी करते,” मी म्हटलं.

दादांनी आकड्याकडे बघितलं. “मी खिडकीशी बरा आहे ना ताई.”

“स्टेजवर खिडकी नसते दादा.”

ते तीनवर येऊन उभे राहिले.

त्या दिवसापासून सगळं बिघडलं. माझी पाळी संपली की मी “हां” म्हणायची, तो दादांना इशारा. ते वेळेवर पुढे यायचेच नाहीत. कधी एक ओळ उशिरा, कधी मी वाजवतेय तोच मधे. मी परत सांगायची, ते मान डोलावायचे आणि परत तेच. तीन रविवार गेले. माझा अंदाज पक्का होता. ऑर्केस्ट्रातला स्टार माणूस, दुसऱ्याचं ऐकायची सवयच नाही. एकदा मी बोललेही, “दादा, आमच्याकडे लक्ष असू द्या जरा.” ते म्हणाले, “हां हां, टेंशन नका घेऊ,” आणि माझ्या तोंडाकडे नाही, गजाकडे बघत राहिले. मला तो उद्धटपणा वाटला.

चौथ्या रविवारी दादा गेल्यावर आम्ही तिघं जिन्यात थांबलो. कार्यक्रमाला दोन आठवडे होते.

“ताई, मला बोलायला बरं वाटत नाही,” इंजिनिअर म्हणाला, “पण मेंडोलिनशिवाय करूया. मुलांसमोर गाडी रुळावरून उतरली तर मिसची शोभा होईल.”

“उनको बहुत बुरा लगेगा,” मिस म्हणाल्या.

“लागेलच,” मी म्हटलं. “मी सांगते.”

अशी कामं माझ्याकडेच येतात, कारण मी ती करते. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर परदेशीपुऱ्यात गेले. दादा एका पाण्याच्या मोटारीवर वाकले होते. मोटार सुरू होती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगावर टेकवलेलं आणि मूठ कानाशी, आत बेअरिंग कसं फिरतंय ते ऐकत होते. मी त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा मोटारीत लक्ष घातलं. मला थांबायचं नव्हतं. असलं बोलणं लांबवलं की जास्त खराब होतं. मी उभ्या-उभ्या बोलून टाकलं. आम्ही तिघांनी ठरवलंय, या कार्यक्रमात तुम्ही नको, वाईट वाटून घेऊ नका, तुमचं वाजवणं चांगलंच आहे पण मेळ बसत नाहीये.

त्यांनी मोटार बंद केली. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि पूर्णपणे माझ्याकडे वळले, म्हणजे उजवा कान माझ्यासमोर येईपर्यंत वळले.

“हां ताई. आता बोला. काय म्हणत होतात?”

मला तेव्हा दिसलं. मूठ उजव्या कानाशी होती. खिडकी नेहमी डावीकडे. माझा “हां” मी तीन आठवडे त्यांच्या डाव्या कानात ओतत होते, आणि तो आकडा मीच खडूनं लिहिला होता.

“काही नाही,” मी म्हटलं. “रविवारी पाच वाजता. उशीर नको.”

“एवढ्यासाठी आलात?”

“इकडून जात होते.”

घरी जाताना मी चुकीच्या गल्लीत शिरले आणि तशीच पुढे चालत राहिले. कानाबद्दल विचारलं का नाही? आधी मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल म्हणून. ते खोटं होतं. माझी चूक मला सांगावी लागली असती म्हणून.

रविवारी मी आकडे पुसून नवे लिहिले. गोल मोडून अर्धगोल केला. दादा डाव्या टोकाला, त्यांच्या पलीकडे कोणी नाही, उजवीकडे मी. इंजिनिअर आणि मिस शेजारी-शेजारी आले आणि बँजोची मान गिटारवर आपटू लागली.

“ताई, आधीचं बरं होतं,” इंजिनिअर म्हणाला. मग हळूच, “आणि दादांशी ते बोलणं झालं का?”

“हॉल बदलला की सीटिंग बदलतं. वाजवा.”

दादा आपल्या पाळीला वेळेवर पुढे आले. एकदाही चुकले नाहीत. इंजिनिअरनं भुवया उंचावल्या, मी दुर्लक्ष केलं. दादांनी नव्या आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मेंडोलिन खोळीत घातलं.

शाळेच्या स्टेजवर पोचलो तर माइकची वायर तोकडी. तो आमच्या डाव्या बाजूच्या भिंतीला चिकटवून उभा केलेला. सरकत नाही म्हणाले. दादांची जागा भिंतीत गेली. मुलं टाळ्या वाजवत होती, मुख्याध्यापिका हात करून सुरू करा म्हणत होत्या. दादा स्वतःच निघाले आणि पार उजव्या टोकाला जाऊन उभे राहिले. आता आम्ही तिघंही त्यांच्या डाव्या हाताला. पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री होती. 

पहिल्या धुनेत ते एक ओळ उशिरा आले. मुलांना कळलं नाही, मिसना कळलं. दुसरी धून वेगाची. बँजो झाला, इंजिनिअर मागे सरकला, माझी पाळी आली. मी दादांकडे बघितलं. ते डोळे ताणून माझ्या गजाकडे बघत होते. ऐकू येत नाही तर निदान दिसेल, म्हणून. माझं संपेल कधी हे त्यांना कळायला दुसरा काही मार्ग नव्हता, आणि या वेगात गजावरून ते कळणार नव्हतं.

मी माइककडे गेलेच नाही. इंजिनिअरच्या आणि मिसच्या मागून वाट काढत, वाजवतच, पलीकडे दादांच्या उजव्या बाजूला गेले आणि त्यांच्या कानाशी त्यांचीच पहिली ओळ वाजवली. तीच, त्यांची, रविवारी ऐकून-ऐकून पाठ झालेली. दुसऱ्याच्या ओळी वाजवायला मला कधीच अडचण आलेली नाही. दादांनी ती उचलली, आणि एवढ्या झटक्यात माइककडे गेले की इंजिनिअरला बँजो वर धरून बाजूला व्हावं लागलं. त्यांना दोन फेऱ्या ठरल्या होत्या, त्यांनी चार घेतल्या. मुलं बाकांवर उभी राहिली. माझी पाळी राहूनच गेली.

मिस महूलाच थांबल्या. आम्ही तिघं इंजिनिअरच्या गाडीतून दिवेलागणीच्या आत निघालो. दादा मागे डावीकडे बसले, मी त्यांच्या उजवीकडे. येतानाही ते तिथेच बसले होते; का, ते आता मला कळत होतं.

“ताई,” ते म्हणाले, “त्या दिवशी दुकानात काय बोललात?”

“रविवारी पाचला या म्हणाले.”

“त्याच्या आधी. मोटर चालू होती तेव्हा. तोंड तर हलत होतं तुमचं, आणि चेहरा असा होता की कुणी गेलंय.”

इंजिनिअरनं गाडीतलं गाणं बंद केलं.

“तुम्हाला काढायचं ठरलं होतं,” मी म्हटलं. “मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ऐकत नाही.”

“मुद्दाम!” ते हसले, पण पूर्ण नाही. “तीस साल स्पीकरच्या बाजूला उभा राहिलो. रोज तीच जागा. मुद्दाम!”

“सांगायचं होतं दादा.”

“सांगितलं असतं तर ठेवलं असतं?”

मी विचार केला. होय म्हणणं सोपं होतं, आणि गाडीत सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. “माहीत नाही,” मी म्हटलं.

 परदेशीपुऱ्यात उतरताना ते म्हणाले, “इतवारी बघतो.”

तो आठवडा मी धड काही केलं नाही. एका वर्गाचा बैठक आराखडा दोनदा चुकवला, जे बावीस वर्षांत झालं नव्हतं. रविवारी चार वाजताच वर गेले आणि ओल्या फडक्यानं फरशीवरचे आकडे पुसले. पाच वाजले. मिस आल्या, इंजिनिअर होताच. सव्वापाच. मी खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, “जिन्याला फेऱ्यांचा पास काढ.”

पाच पंचविसला दादा आले.

“उशीर झाला,” मी म्हटलं.

“एकाची मोटर होती.” त्यांनी फरशीकडे बघितलं. “नंबर कुठे गेले?”

“पुसले. तुमची जागा तुम्ही सांगा.”

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “डावा कान गेलेला आहे. इशारा इकडून द्यायचा.” उजव्या खांद्यावर त्यांनी स्वतःच थाप मारली.

“पहले बोलना था ना,” मिस म्हणाल्या.

“पहले बोलता तो ताई निकाल देती.”

“बोलला नाहीत तरी काढतच होते,” मी म्हटलं. इंजिनिअरला हसू आवरेना. दादाही हसले, या वेळी पूर्ण.

“आज पहिली पाळी ताईंची,” ते म्हणाले. “शाळेतली राहिलीय.”

मिसनी ताल धरला. मी चेंडूसमोर गेले. पहिल्या दोन ओळी नेहमीसारख्या दादांच्याच निघाल्या. तिसरी कुणाची होती ते मला ओळखता आलं नाही, आणि त्याच धांदलीत चौथीला मी हरवले. गज अडखळला. मागे सरकावंसं वाटलं.

“आगे, ताई, आगे,” दादा खिडकीजवळून म्हणाले. “थांबू नका.”

थांबायला तिथे खुर्ची नव्हतीच. मी पुढे वाजवत राहिले.